सही जुळत नाही

पाचवी सहीही जुळली नाही.

काउंटरमागच्या चष्मेवाल्या बाईने पासपोर्ट आणि फॉर्म शेजारीशेजारी ठेवले, पेनाच्या टोकाने दोन्हीकडची अक्षरं एकेक करून ताडून पाहिली आणि मान हलवली. तिला मराठीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण नजर सोनाराची होती. ती काहीतरी बोलली. नवऱ्याने त्याचं मराठी केलं.

"ती म्हणतेय, पासपोर्टातल्या सहीत घरावर छप्पर नीट बसलंय. तुझ्या या सहीत छप्पर उडून चाललंय."

"शिरोरेघ आहे हो ती," बायको म्हणाली.

"मला कळतंय गं. तिला काय सांगू?"

बाकी सगळे कागद पास झाले होते. राहण्याचा परवाना झाला, घराचा करार झाला, ती ज्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची तिथलं पत्रही झालं. घोडं अडलं ते इथे. परदेशी माणसाची ओळख म्हणजे त्याचा पासपोर्ट, तेव्हा सही त्यातल्यासारखीच हवी, असं बँकेचं म्हणणं. आणि लाँड्रीचं म्हणणं असं, की या महिन्यापासून पगार ज्याच्या-त्याच्या नावाच्याच खात्यात जाणार. आतापर्यंत तिचा पगार नवऱ्याच्या खात्यात पडायचा. नवा नियम ऐकून तो करवादला होता. ती मनातल्या मनात खूश झाली होती. फक्त शुक्रवारपर्यंत खात्याचा नंबर द्यायला हवा होता, नाहीतर पगार लटकला. आणि आज गुरुवार.

"अगं, आठ वर्षांपूर्वी केलीस तशी कर ना. तुझीच तर सही आहे."

"तेव्हा मी घाबरले होते."

खरंच घाबरली होती. ते पासपोर्टचं ऑफिस, दोरीने बांधलेलं पेन, मागे ही लांब रांग, आणि कानाशी याची कुजबुज, 'चौकटीबाहेर गेली तर फॉर्म बाद हं!' पहिलीतल्या पोरीसारखं तिने एकेक अक्षर गिरवलं होतं. आता लाँड्रीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक ढकलगाडीच्या कागदावर तिला सही ठोकावी लागे. दिवसाला चाळीस गाड्या. हात आपोआप पळायचा, त्याला धरून ठेवणार कसं?

"मग घाबर," नवरा म्हणाला.

"काय?"

"घाबर म्हणतोय. दोन मिनिटं. सही झाली की पुरे."

तिने डोळे मिटले आणि मनापासून प्रयत्न केला. साप आठवून पाहिला. सासूबाई आठवून पाहिल्या, पण हल्ली त्याच फोनवर तिला सल्ले विचारत. लाँड्रीची मुकादमीण आठवली, तर तिच्याबरोबर कालच चहा झाला होता. काही जमेना. शेवटी नवरा खुर्चीवरून उठला, तिच्या मागे जाऊन उभा राहिला आणि आठ वर्षांपूर्वीच्याच आवाजात कुजबुजला, "चौकटीबाहेर गेली तर फॉर्म बाद हं!"

तिला जे हसू फुटलं ते आवरेना. सहाव्या सहीची शिरोरेघ चौकट ओलांडून थेट कागदाच्या कडेला जाऊन थांबली.

रांगेतले लोक माना उंच करून बघायला लागले. चष्मेवालीने काय झालं म्हणून विचारलं. नवऱ्याने आधी टाळाटाळ केली, मग ओशाळत सगळं सांगून टाकलं. ऐकताऐकता तिने चष्मा काढला, डोळे पुसले, आणि उठून आत गेली. बाहेर आली ती दुसराच फॉर्म घेऊन.

सही बदलल्याचा फॉर्म. त्यात बदलाचं कारण विचारलं होतं: लग्न, आजार, दुखापत, इतर.

"दुखापत लिही," नवरा पुटपुटला. "मनगट मुरगळलं होतं म्हण. पटकन सुटू."

"मुरगळलेला हात असा पळतो होय?"

तिने कागद आपल्याकडे ओढला आणि 'इतर'पुढच्या रेघेवर मराठीतच लिहिलं, 'आता भीती वाटत नाही.'

नवऱ्याने वाचलं. पुन्हा एकदा वाचलं.

"असं बँकेत लिहितात का गं?"

"तुम्ही फक्त तिला सांगा."

वाक्य एवढंसं, त्यातला प्रत्येक शब्द त्याला त्या भाषेत येत होता, तरी बोलायला अंमळ वेळ लागला. चष्मेवालीने बायकोकडे बघत ते ऐकून घेतलं. मग तिने मराठी ओळीखाली आपल्या भाषेत ते वाक्य लिहिलं, वर शिक्का मारला आणि खालच्या तीन रिकाम्या चौकटींवर बोट ठेवलं.

ढकलगाड्या दारातून एकामागोमाग बाहेर पडाव्यात तशा तिने तीन सह्या केल्या. एकीला झाकावं नि दुसरीला काढावं.

खातं उघडलं. चष्मेवालीने नंबर कागदावर लिहून दिला आणि शेवटचं काहीतरी विचारायला, सवयीने, ती नवऱ्याकडे वळली.

"ती विचारतेय," नवरा मराठी करू लागला, "बँकेतून फोन आला तर कोणाशी बोलायचं—"

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आतच बायको काउंटरवर पुढे झुकली.

"माझ्याशी," ती त्यांच्याच भाषेत म्हणाली. "पण हळू बोला."