नवी वाळू

टणक ट्रॅकवर पुढच्या पायाचं हाड तडकल्यापासून जास्वंद खाली बसलीच नव्हती. हाड जुळून आलं, तरी त्या पायावर पुन्हा उठता येईल, याचा घोडीला भरवसा नव्हता. ती उभ्यानेच झोपायची.

आज ट्रेनर वृंदाताईंनी तिला दोरी धरून वाळूच्या नव्या ट्रॅकवर आणलं. तिने वाळू हुंगली, गुडघे मुडपले आणि धपकन आडवी झाली.

"गेला पाय!" कठड्यापाशी उभे असलेले मालक ओरडले.

पण घोडी चारही खूर वर करून मजेत लोळत होती. मग तोच पाय आधी रोवून ती उठली आणि तिने अंग झाडलं. ताई वाळूने न्हाल्या.

"मग, आज पळवायची?"

"नाही शेठ, आज लोळू दे."

ताईंनी दोरी सैल सोडली. जास्वंद पुन्हा आडवी झाली.