शलाकाने जोडलेलं इंटरनेट

मोडेम जोडायला तीन दिवस कुणी फिरकलंच नाही, तेव्हा शलाकाने स्वतःच पुस्तिका उघडली. टेलिफोनची वायर लावली, युजरनेम-पासवर्ड टाकला आणि तासाभराने लुकलुकणारा हिरवा दिवा स्थिर झाला. सासूबाईंनी कौतुकाने तिच्या हातावर साखर ठेवली. कोकणातल्या त्या घरात मोबाइलला रेंज नव्हती आणि गुरुवारी अकरा वाजता पुण्याची एक कंपनी लॅपटॉपवरून तिची मुलाखत घेणार होती.

"शेजाऱ्यांनी आपलं नेट वापरलं तर?" नवऱ्याने, यशोधनने, विचारलं.

तिने त्याला शेजारी बसवून राउटरचं पान दाखवलं. घरातल्या प्रत्येक फोनचं, लॅपटॉपचं नाव तिथे होतं. "ज्याचं नेट तोडायचं, त्याच्यापुढे खूण करायची." त्याने दोनदा करून पाहिलं. तिच्या कामात त्याने इतका रस पहिल्यांदाच घेतला होता. ती हरखून गेली.

गुरुवारी मुलाखत सुरू होताच तिचं नेट गेलं. सासऱ्यांच्या फोनवर मात्र कीर्तन चालू होतं. तिने घाईघाईने राउटरचं पान उघडलं, तर पासवर्ड बदललेला.

"यशोधन, काय केलंस हे?" ती धावत बाहेर आली.

टेलिफोन वाजत होता. यशोधनने तो उचलला. "हो, मी तिचा नवरा. नाही हो, नेट अगदी छान चालतंय. तिचाच विचार बदललाय."

ती रिसीव्हरकडे झेपावली, तोवर त्याने "सॉरी हं, तुम्हाला उगाच त्रास झाला" म्हणत तो खाली ठेवला होता.