केतकीचा पाना

गंजलेला नट हलेना, तेव्हा अण्णांनी हात पुढे केला. "केतके, तुझा तो नवा लांब पाना दे."

केतकीने पेटी पाठीमागे धरली. अख्खा बाजार पालथा घालून, दुकानदारांचं डोकं खाऊन तिने हा टॉर्क रेंच निवडला होता. स्वस्तातला, पण माप तपासून घेतलेला. रोज संध्याकाळी माप टिकावं म्हणून आतली स्प्रिंग सैल करून, पुसून ती त्याला पेटीत निजवायची आणि सगळं गॅरेज खिदळायचं.

"नाही देणार. हा नट ठरावीक जोराने, मापात आवळायचा पाना आहे. गंजलेल्या नटाशी झटापट केली की माप बिघडतं."

"गॅरेज कुणाचं गं?"

"तुमचं. पण पाना माझा."

अण्णांना असं बोलायची कुणाची टाप नव्हती, आणि ही तर पोटची पोर. "मग उद्यापासून घरी बस," म्हणत त्यांनी साध्या पान्याला पाइप अडकवून नट सोडवला.

सकाळी केतकी पेटीसकट सगळ्यांच्या आधी हजर. तेवढ्यात शेजारचा गॅरेजवाला आला. "अण्णा, तो लांब पाना द्या की, नट अडकलाय."

"गॅरेज माझं," अण्णा गाडीखालूनच म्हणाले, "पाना तिचा. आणि नट सोडवायला ती देत नसते."