पहिला घोट

वेटरने पेल्यात दोन घोट वाइन ओतली आणि हात मागे बांधून तो नाकसाहेबांकडे बघत उभा राहिला. फ्रेंच हॉटेलातली ही पद्धत नाकसाहेबांना ठाऊक नव्हती. आधी एकाने चाखायची, त्याने मान डोलावली की मग बाकीच्यांना ओतायची.

"चाखा ना, दादा," धाकटा म्हणाला. "तुमच्यापुढे आम्ही कोण?"

नाकसाहेबांनी पेला जवळ ओढला. चहाच्या कंपनीत पंचवीस वर्षं ते मुख्य चाखणारे होते. कोणता माल ठेवायचा नि कोणता परत धाडायचा हे त्यांच्या नाकावर ठरे, म्हणून हे नाव. आजचं जेवण त्याच पंचवीस वर्षांच्या निमित्ताने. टेबलाशी तिघंच होते: ते, त्यांच्या हाताखाली तयार झालेला धाकटा चाखणारा आणि चहाची मिश्रणं करणाऱ्या ताई. कामावरची माणसं, पण एकमेकांच्या घरात न विचारता शिरणारी. मेनूतलं एक अक्षर कोणाला लागत नव्हतं. ताईंनी डोळे मिटून तीनदा बोट ठेवलं, तर तिन्ही वेळा सूपच आलं. तिघंही पोट धरून हसले होते.

आता हसू पळालं होतं. आठ महिन्यांपूर्वी नाकसाहेबांना ताप आला होता. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. उत्तम चहा आणि भिजवलेला पालापाचोळा त्यांना एकच झाला. हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. चाखणीच्या टेबलावर ते हल्ली फक्त धाकट्याच्या भुवईकडे बघत. ती वर चढली की माल चांगला, आक्रसली की परत. त्या एका भुवईवर त्यांनी आठ महिने निभावून नेले होते.

आज मात्र ते सांगणार होते. जेवण झालं की सांगायचं, माझं नाक गेलं, पण घाबरू नका, माझ्या खुर्चीवर धाकटा बसेल. आपण संपलो तरी आपली विद्या त्याच्या नाकात शाबूत आहे, या एका विचारावर त्यांना आठ महिने झोप लागत होती.

पण आत्ता भुवई आणायची कुठून? धाकटा कौतुकाने त्यांच्याच तोंडाकडे बघत होता. नाकसाहेबांनी पेला हलवला. नाक आत घातलं. डोळे मिटून घोट तोंडात घोळवला.

"उत्तम," ते म्हणाले.

वेटरने सगळ्यांना ओतली. धाकट्याने घोट घेतला आणि त्याची भुवई वर चढली. नाकसाहेबांचा जीव भांड्यात पडला.

"वा," ताई म्हणाल्या.

अर्धी बाटली संपली तेव्हा हॉटेलच्या मालकीणबाई विचारपूस करत टेबलाशी आल्या. बशीत बाटलीचं बूच पडलं होतं. त्यांनी ते सवयीने उचलून नाकाशी नेलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी बाटलीही हुंगली.

"माफ करा, बुचाला बुरशी होती. सगळी नासलीये. ओल्या पोत्यासारखा वास येतोय." त्यांनी तिन्ही पेल्यांकडे पाहिलं. "आणि तुम्ही ही प्यायलात?"

त्या दुसरी बाटली आणायला गेल्या. 

"मला आठ महिने वास येत नाही," नाकसाहेब म्हणाले. "तापात गेला. आज सांगणारच होतो." ते धाकट्याकडे वळले. "पण तुझं काय? आठ महिने मी तुझ्या भुवईवर माल पास करतोय. तू कसा प्यायलास?"

धाकट्याने मान खाली घातली. "वास आला होता, दादा. पण तुम्ही उत्तम म्हणालात. म्हटलं, माझंच चुकत असेल."

"आणि कामावर?"

"तिथंही तसंच. तुमचा हात ज्या कपावर रेंगाळतो, तो चांगला धरतो मी." त्याने पेला बाजूला सारला. "काही वर्षांपूर्वी एकदा मी म्हटलं होतं, या मालाला ओल्या पोत्याचा वास येतोय. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, पोतं तुझ्या नाकात आहे. त्यानंतर मी माझ्या नाकाचं कधी ऐकलं नाही."

नाकसाहेबांना तो दिवस लख्ख आठवला. त्या मालाला खरोखरच ओल्या पोत्याचा वास होता. धाकट्याचं बरोबर होतं हे त्यांना त्याच संध्याकाळी पुन्हा चाखल्यावर कळलं होतं. त्यांनी गुपचूप माल परत पाठवला होता आणि धाकट्याला एका शब्दाने सांगितलं नव्हतं. गुरूचा मान राहिला होता. त्यांना आता स्वतःची शिसारी आली.

"ताई, तुम्ही तरी?" त्यांनी विचारलं.

"मी तुम्ही दोघांनी पास केलेलं मिसळते," ताई म्हणाल्या. "आणि गिऱ्हाईक पाकिटावरची तुमची सही बघून पितं."

वेटर नवी बाटली घेऊन आला. त्याने बूच काढलं, स्वच्छ पेल्यात दोन घोट ओतले आणि पेला टेबलाच्या मधोमध ठेवून अदबीने विचारलं, "आता कोण चाखणार?"

तिघांनी सवयीप्रमाणे एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलं.