पाच बरण्या

ग्युहोने पहिला घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"आई, चहा खारट लागतोय."

बोंगनिमने चहात घालायच्या युजाच्या बरणीत बोट बुडवून चाटलं. मीठच होतं. आठवड्यापूर्वी तिने लिंबासारख्या त्या युजा फळांची बी न् बी काढली होती, पिवळ्या साली केसासारख्या बारीक चिरल्या होत्या, थरावर थर देत पाच बरण्या भरल्या होत्या. किमचीच्या लोणच्याचा कोबी खारवायला आणलेलं मीठ आणि युजासाठी आणलेली साखर, दोन्ही पोती तेव्हा ओसरीवर शेजारी शेजारी होती.

सप्टेंबरात तिने चुलीवर पातेलं विसरून जाळलं होतं. तेव्हाच ग्युहोने सांगून टाकलं होतं, पुन्हा असं काही झालं की हे घर बंद करायचं आणि सोलला माझ्याकडे यायचं. सोलला त्याच्या अठराव्या मजल्यावर ती एकदा पंधरा दिवस राहून आली होती. बोलायला चिटपाखरू नव्हतं.

ग्युहोने तिच्याकडे पाहिलं. रागावला असता तरी चाललं असतं. त्याच्या डोळ्यांत कीव होती, आणि ती तिला सोसवेना.

"अगं बाई गं!" शेजारच्या सुन्दॉकने कपाळावर हात मारला. ती सकाळपासून तिथेच ठाण मांडून बसली होती. "अरे, बरण्या मी भरल्या. तुझी आई साली चिरत होती. माझा मेला चष्मा घरी राहिला होता."

"मावशी, तुम्ही?"

"मग काय! ऐंशी गाठलीय मी. तुला काय विशीतली वाटले?"

ग्युहोला हसू फुटलं. "मग डॉक्टरकडे तुम्हालाच न्यायला हवं. आई, मावशींवर जरा लक्ष ठेव हं."

बोंगनिमने मान हलवली.

दुपारी गाडीत बसताना तो म्हणाला, "वसंतात येतो." सोलचा विषय त्याने काढला नाही. गाडी वळणाआड गेली तशी बोंगनिम मैत्रिणीकडे वळली.

"इतकी मोठी थाप का मारलीस गं?"

"तू गेलीस तर भांडू कुणाशी? भिंतीशी?"

"पण मीठ मीच घातलं ना."

"तू ओतत होतीस, मी बरणी धरली होती." सुन्दॉक हळूच म्हणाली, "मलाही ती साखरच वाटली गं."

बोंगनिमला आधी हसू आलं, मग रडू. तिने पदराएवढ्या मोठ्या एप्रनने डोळे पुसले आणि खारट बरण्या मोरीत नेऊन रिकाम्या केल्या.

टोपलीत अजून थोडा युजा उरला होता. दोघींनी तो संध्याकाळपर्यंत चिरला. बोंगनिमने ओसरीवरचं पोतं ओढून आणलं, बोट घातलं, चाखलं.

"साखर," ती म्हणाली.

सुन्दॉक बरणी पोटाशी धरून बसली होती. तिने बरणी पुढे केलीच नाही. तोंड उघडलं.

बोंगनिमने एक चिमूट तिच्या जिभेवर ठेवली, आणि ती काय म्हणते याची वाट बघत थांबली.