दादाची गाडी

बंपरवरचा पोचा काही केल्या जमत नव्हता. धाकट्याने तिसरा बोटभर बंपर चिमट्यात धरला, दिव्याच्या ज्योतीवर जरासा मऊ केला आणि बोथट सुईने डाव्या कोपऱ्यात दाबला. या वेळी तो हुबेहूब आला. गोदामाच्या आवारात गाडी वळवताना दादाने ती खांबाला घासली होती, तेव्हाचा पोचा.

धाकटा दातांच्या कवळ्या बनवायचा. दुसऱ्याच्या तोंडात चपखल बसेल असं काही घडवता घडवता त्याचा हात तयार झाला होता. छंद मात्र ट्रकचा. खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याएवढे, दीड वीत लांबीचे ट्रक तो करायचा. नुसते चकचकीत नाहीत, वापरलेले. टायर कानशीने झिजवायचा, डिझेलच्या टाकीखाली काळे ओघळ काढायचा, ताडपत्रीसाठी रुमाल चहाच्या पाण्यात बुडवून वाळवायचा. कपाटात सतरा ट्रक उभे होते. दादाचा त्यात नव्हता.

पुतणीने तोच मागितला. "काका, बाबांच्या साठीला त्यांची गाडी करून द्या ना. शेवटी होती तशीच." तो नाही म्हणायला गेला आणि हो म्हणून बसला.

ती शेवटची फेरी होऊन अठ्ठावीस वर्षं झाली होती. धाकटा तेव्हा वीस वर्षांचा. आठ दिवसांवर परीक्षा होती, तरी दादासोबत फिरायला गेला होता. भर दुपारी, उताराच्या वळणावर गाडीखाली एक सायकलवाला आला. कुठल्याशा शाळेतला शिपाई होता. जागीच गेला. लोक धावत आले तेव्हा दादा गाडीच्या पुढे, दोन्ही हात डोक्याला लावून रस्त्यावर बसला होता. धाकट्याचा जबाब दोन ओळींत आटोपला. मी झोपलो होतो. मला काही दिसलं नाही.

दादाला दोन वर्षांची सजा झाली. लायसन्स कायमचं गेलं. सुटून आल्यावर तो एका माल डेपोच्या फाटकावर लागला. ट्रक आला की दांडा वर करायचा, गेला की खाली. धाकटा परीक्षा पास झाला, त्याने स्वतःचं दुकान टाकलं, घर बांधलं. त्या वळणाचा रस्ता त्याने पुन्हा कधी धरला नाही. भेटी होत होत्या, गप्पाही होत. त्या दुपारचा विषय मात्र दोघा भावांत एकदाही निघाला नाही.

पुतणीला गाडी चालवायला धाकट्यानेच शिकवलं. गेल्या वर्षी तिने स्वतःची गाडी घेतली. चावी तिच्या हातात असतानाच दादा सवयीने ड्रायव्हरच्या दाराकडे गेला. ती हसत म्हणाली, "बाबा, तुम्ही आपले मागे बसा. मी दमले तर काका आहेत." दादाही हसला आणि मुकाट्याने मागे बसला. 

पाच महिने तो त्या ट्रकच्या कामात होता. रंग दोनदा खरवडून पुन्हा दिला.  शेवटचे दोन दिवस तर केबिनच्या आतल्या कामातच गेले.

साठीला घरचेच लोक होते. दादा, वहिनी, पुतणी आणि हा. ट्रक टेबलावर ठेवला, तशी वहिनी पदराला हात पुसत जवळ आली. "अगं बाई, पोचासुद्धा. एवढं कुणी लक्षात ठेवतं का?"

दादाने चष्मा चढवला.  टपावरून एक बोट फिरवलं, चाक हलकेच फिरवून पाहिलं. "म्हातारी अजून ठणठणीत आहे की," तो म्हणाला आणि त्याचा आवाज ओला झाला.

पुतणी खाली वाकली. नखाने तिने केबिनचं दार उघडलं आणि आत डोकावली.

"काका, इथे मात्र फसलात. सीट एवढी पुढे? बाबांचे गुडघे हनुवटीला लागतील. आपल्या घरात सीट इतकी पुढे ओढून तुम्हीच गाडी चालवता, पाय पोचत नाहीत म्हणून."

वहिनी हसली. दादा हसला नाही. त्याने एकदा धाकट्याकडे पाहिलं. मग आगपेटीतून एक काडी काढली, दारातून आत घातली आणि सीट मागे ढकलू लागला.

"होतं असं," तो म्हणाला. "इतक्या वर्षांनी कुणाला आठवणार? मी करतो सरळ."

सीट हलेना. काडी वाकली, मग मोडली. दादाने दुसरी घेतली.

"राहू दे दादा," धाकटा म्हणाला. "ती मी पक्की चिकटवली आहे."

"धाकट्या, गप्प बस."

पुतणीने एकदा वडिलांकडे पाहिलं, एकदा काकाकडे. तिच्या चेहऱ्यावर अजून अर्धं हसू होतं.

धाकट्याने दादाच्या हातातली काडी काढून घेतली.

"फसलो नाही गं पोरी," तो म्हणाला. "सीट त्या दुपारी तिथेच होती. गाडी मी चालवत होतो."