हातासरशी

श्रमाला प्रतिष्ठा असते, अशी पाटी बेरोजगार भत्ता केंद्राच्या दारावर होती. ती वाचून आत येणाऱ्यांना श्रम करायची मात्र मनाई होती. ते कोणी चोरून करू नयेत म्हणून प्रत्येकाच्या मनगटावर हाताचं काम ओळखणारा पट्टा कायमचा बसवलेला होता.

सुधाकर पतंगे शिंपी होते. घरोघरी यंत्रातून कपडे छापून निघू लागले, तेव्हापासून ते नुसते पतंगे उरले होते.

"मंगळवारी तुम्ही चाळीस मिनिटं शिवणकाम केलंत," संगणकाच्या पडद्याकडे बघत केंद्रातल्या कारकून भोईटेबाई म्हणाल्या.

"शेजारच्या आजींच्या गोधडीला टाके घातले, बाई. म्हणाल्या, हातासरशी घाला."

"काय दिलं त्यांनी?"

"चहा. बिनसाखरेचा."

"हातासरशी असा रकाना पट्ट्यात नाही हो काका. फुकट केलं तरी काम ते काम."

पतंगेंच्या बायकोचं इन्सुलिन या भत्त्यावरच येत होतं.

"पहिली वेळ म्हणून सोडते. पुन्हा झालं तर भत्ता आपोआप बंद होतो, मग माझ्याही हातात काही नसतं."

पतंगेंनी माफीनाम्यावर सही केली. बाईंनी तो फायलीत ठेवला, तर फायलीची नाडी निसटून हातात आली.

"काका, जाता जाता एवढी ओवून द्या ना. मला मेलं हे जमतच नाही."

डोकं नको म्हणेपर्यंत बोटांनी नाडी ओवून गाठही मारली होती. पट्टा थरथरला.

दोघांनीही पडद्याकडे पाहिलं.

नाडी पक्की बसली होती.